टॉकीज वाचवायची: एकच पडदा ठेवावा की दोन करावेत?

दादरचं चित्रा थिएटर २०१९ मध्ये बंद झालं, तेव्हापासून तालुक्याच्या गावी वडिलोपार्जित टॉकीज चालवणारा माझा मित्र धास्तावला आहे. आहे ती टॉकीज दुरुस्त करावी, की बाल्कनी बंद करून तिथे दुसरा छोटा पडदा लावावा?

खर्चात डागडुजी सरळ स्वस्त. खुर्च्या, गळकं छत, स्वच्छतागृहं. (स्वच्छतागृहं सगळ्यात आधी करा, घरच्या बायका टॉकीजला यायच्या बंद होतात त्या तिथूनच.) दुसऱ्या पडद्याला प्रोजेक्टर, सर्व्हर, आवाज अडवणारी भिंत, वेगळा जिना आणि नव्याने परवानग्या लागतात.

रोजच्या चालवण्यात मात्र पारडं फिरतं. मोठ्या हॉलमध्ये दुपारी वीस माणसं बसली तरी एसी अख्ख्या हॉलचा चालतो. शुक्रवारचा सिनेमा पडला की आठवडा गेला. छोट्या पडद्यावर मराठी सिनेमाला संध्याकाळी सहाचा खेळ देता येतो, आणि तो हळूहळू तोंडी प्रसिद्धीवर चालतो.

शिट्ट्या, उंच पडदा, पहिल्या खेळाची गर्दी हे एका हॉलचंच वैभव. मला ते मनापासून प्रिय आहे.

कर्ज नको असेल आणि मोजक्या मोठ्या सिनेमांवर वर्ष निघत असेल, तर डागडुजी करा. गावात कॉलेज असेल, रोजचा प्रेक्षक थोडा पण नक्की असेल आणि हप्ता झेपत असेल, तर दोन पडदे. मित्राला मी दोन पडदेच सुचवले आहेत.