पहिलं बाळंतपण माहेरी की परदेशात? बाळाच्या पासपोर्टाचा हिशेब

मुलगी तासगावची, जावई डॅलसला, दुबईला नाहीतर लंडनला. पाचवा महिना लागला की घरात एकच विषय: बाळंतपण कुठं? आई म्हणते, पहिलं माहेरी. जावई म्हणतो, तिकडं झालं तर पासपोर्ट तिकडचा मिळेल. जावयाचं हे वाक्य जगातल्या बहुतेक देशांत चुकीचं आहे, आणि जिथं बरोबर आहे तिथंही त्याची किंमत मोजावी लागते.

सांगली-साताऱ्यात जन्म

भारतात जन्मलं म्हणजे भारतीय, ही समजूत १ जुलै १९८७ च्या आधी जन्मलेल्यांपुरती खरी. तेव्हा मातीचा हक्क होता, आईबापाची चौकशी नव्हती. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आईवडिलांपैकी एक तरी भारतीय हवा, अशी अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून नागरिकत्व कायद्याचं कलम ३ आणखी कडक झालं. आता दोघंही भारतीय नागरिक हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला.

व्हिसावर परदेशात नोकरी करणारं जोडपं भारतीयच असतं. त्यांचं बाळ मिरजेत जन्मलं की जन्मतःच भारतीय, वेगळा अर्ज नाही. आई ग्रीनकार्डवर (अमेरिकेतल्या कायम वास्तव्याच्या परवान्यावर) असली तरी हेच, कारण ग्रीनकार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. फसगत होते ती दोघांनीही परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तेव्हा. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) आहे म्हणून बाळंतपणाला कऱ्हाडला आले, तर बाळ भारतीय ठरत नाही. त्याला मुंबईच्या वकिलातीतून परदेशी पासपोर्ट काढायचा आणि देश सोडायच्या परवानगीसाठी जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या परकीय नागरिक शाखेपासून सुरुवात करायची. दोन-तीन आठवड्यांच्या बाळंतिणीला ही धावपळ नको.

कागदांचं म्हणाल तर जन्माची नोंद २१ दिवसांत. दवाखान्यातलं बाळंतपण असेल तर दवाखाना कळवतो. नोंद जन्म झाला तिथं होते, गावी नाही. गाव जतचं आणि बाळंतपण मिरजेत झालं, तर दाखला सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचा. जतला हेलपाटे घालून तो मिळणार नाही. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. आधारवर भागत नाही. ते नागरिकत्वाचा पुरावाही नाही.

दुसरी मेख नावाची. दवाखान्यातून नोंद जाते तेव्हा बारसं झालेलं नसतं, म्हणून नावाचा रकाना कोरा राहतो. वर्षाच्या आत नाव फुकट घालता येतं, पुढं विलंब शुल्क. शिवाय आईच्या पासपोर्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि दवाखान्याच्या फॉर्मवर नर्सनं ऐकलं तसं, असे तीन अवतार सर्रास दिसतात. प्रसूतीच्या आधीच पासपोर्टची झेरॉक्स फाइलला लावा आणि नाव तसंच्या तसं उतरवून घ्या.

माहेरच्या बाळंतपणाचा खरा तोटा पुढं येतो: परतताना बाळाला स्वतःचा व्हिसा लागतो. आधी दाखला, मग पासपोर्ट, मग व्हिसा, एकाच्या पोटात दुसरं. आईची रजा आणि तिचा स्वतःचा व्हिसा तेवढे महिने पुरतो का, ते निघायच्या आधी मोजा. ब्रिटनसाठी बाळामागे वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभारही भरावा लागतो.

परदेशात जन्म: देशागणिक वेगळा न्याय

आखाती देशांत प्रश्नच नाही. दुबईत जन्मून अमिराती होता येत नाही. बाळ भारतीयच, पण आपोआप नव्हे (ते पुढं). ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९८३ पासून आई किंवा बाप ब्रिटिश नाहीतर कायम वास्तव्याचा हक्क असलेला हवा. वर्क व्हिसावरच्यांचं बाळ ब्रिटिश नाही. मात्र आईबापाला पुढं कायम वास्तव्य मिळालं, किंवा मूल पहिली दहा वर्षं तिथंच वाढलं, तर नोंदणीनं होता येतं. ऑस्ट्रेलियात २० ऑगस्ट १९८६ पासून जवळपास हाच नियम. जर्मनीत एका पालकाचं पाच वर्षांचं कायदेशीर वास्तव्य आणि कायम राहण्याचा हक्क लागतो. २०२४ च्या जूनपर्यंत हीच अट आठ वर्षांची होती. कॅनडात जन्म झाला की नागरिकत्व, आईबापाचा व्हिसा विचारत नाहीत, राजनैतिक अधिकारी सोडून.

अमेरिकेचाही नियम तिथं जन्मला तो नागरिक असाच. तो १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीवर उभा आहे, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १८९८ च्या वाँग किम आर्क निकालानं तो पक्का केला. पण २० जानेवारी २०२५ रोजी निघालेल्या अध्यक्षीय आदेशानं आई तात्पुरत्या व्हिसावर आणि बाप नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसेल अशा बाळांना वगळायचं ठरवलं. म्हणजे एच-१बीवाले (तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावरचे) थेट त्यात येतात. न्यायालयांनी आदेश अडवला, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेव्हा चुलतभावाच्या मुलाचं २०१८ साली काय झालं हे इथं उपयोगाचं नाही. प्रसूतीच्या महिन्यात कायदा कुठं उभा आहे ते तिथल्या वकिलाकडूनच कळेल.

तिकडं जन्मलं, तर भारतीय ठेवायचं की ओसीआय?

खरा निर्णय इथं आहे, आणि घरोघरी त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

भारतीय आईबापाचं बाळ बाहेर जन्मलं तर नागरिकत्व कायद्याच्या कलम ४ प्रमाणे जन्माची नोंद भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत व्हायला हवी. बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं आईबाप लिहून देतात. वर्ष चुकलं तर केंद्र सरकारची परवानगी, म्हणजे लांबचं प्रकरण. आखातातल्या लोकांनी पहिल्या महिन्यातच हे उरकावं, कारण तिथला रहिवासी व्हिसाही बाळाच्या पासपोर्टवरच लागतो. एक गल्लत टाळा: भारतात कायमचं राहायला परतल्यावर ६० दिवसांत इथं जन्मनोंद करून घेता येते, पण ती जन्ममृत्यू नोंदणी कायद्याखालची. त्या दाखल्यानं नागरिकत्व येत नाही.

अमेरिकन नागरिक ठरलेल्या बाळाला अमेरिकेत ये-जा अमेरिकन पासपोर्टवरच करावी लागते. मग भारतीय पासपोर्ट बाजूला पडतो, कारण भारतात दोन पासपोर्ट चालत नाहीत. उरतं ओसीआय. परदेशातून अर्ज केला तर शुल्क २७५ डॉलर. त्यावर आयुष्यभर व्हिसाशिवाय येता येतं, घर-फ्लॅट घेता येतो.

काय येत नाही, ते आपल्याकडच्या माणसानं नीट वाचावं. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं मात्र येते. म्हणजे पलूसची द्राक्षबाग आजोबांकडून नातवाच्या नावावर वारसाहक्कानं लागू शकते, पण शेजारचा अर्धा एकर त्याला विकत घेता येणार नाही. आणि ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ओसीआय मुलांना नीट-जेईईच्या प्रवेशात फक्त एनआरआय किंवा जादा जागा. केवळ भारतीय नागरिकांसाठीच्या जागा बंद. पाच-सात वर्षांत परत येऊन पोराला इथंच डॉक्टर करायचं ठरवलं असेल, तर अमेरिकन पासपोर्ट हे ओझं आहे, आणि आमच्या मते अशा घरानं माहेरचंच बाळंतपण धरावं. तिकडंच राहायचं पक्कं असेल तर उलट. मग व्हिसाच्या रांगेत बाळाला कशाला उभं करायचं?

अमेरिकन दाखल्यावर आईचं लग्नाआधीचं नाव लिहितात, पासपोर्टवर सासरचं असतं. ओसीआयचा अर्ज इथं अडकतो. विवाह नोंदणीचा दाखला काढलेला नसेल तर तो आत्ताच काढा, दोघं गावी असतानाच; निबंधकासमोर नवरा-बायको आणि तीन साक्षीदार सह्यांना लागतात. माहेरी यायचंच ठरलं तर विमानाचं पाहा: २८ आठवड्यांपुढं बहुतेक कंपन्या डॉक्टरची चिठ्ठी मागतात, ३६ नंतर चढूच देत नाहीत. तिकीट सातव्या महिन्याच्या आतलं काढा.