बेस ॲम्प सुपारीला न्यायचा तर कोणता: मोठं कॅबिनेट, कॉम्बो, हलके दोन नग की नुसता डीआय?

बेस ॲम्प घेताना वॉट आणि आवाज सगळेच बघतात. सोलापुरात राहून सुपाऱ्या वाजवायच्या असतील तर त्याआधी एक प्रश्न विचारा: या सेटमधला सर्वांत जड नग किती किलोचा आहे, आणि रात्री साडेदहाला तो स्टेजवरून उतरवायला दुसरा माणूस असेल का? लाउडस्पीकरला रात्री दहाची मर्यादा असते, त्यामुळे कार्यक्रम दहाला आटोपतो. मंडपवाल्याची पोरं जेवायला जातात, गायक मंडळी गाडीत बसतात आणि स्टेजवर उरतात ड्रमर आणि बेसवाला. चाळीस किलोचं सामान तीन नगांत असेल तर एकटा माणूस तीन फेऱ्यांत काम उरकतो. तेच चाळीस किलो एका खोक्यात असेल तर तो माणूस खोक्याशेजारी कुणाची तरी वाट बघत उभा राहतो.

म्हणून इथली तुलना एकूण वजनावर न करता सर्वांत जड नगावर केली आहे. हेड म्हणजे नुसता ॲम्प, कॅबिनेट म्हणजे स्पीकरचं खोकं, आणि कॉम्बोत दोन्ही एकत्र. डीआय ही बेसचा आवाज थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला देणारी छोटी डबी. ८×१० म्हणजे दहा इंचांचे आठ स्पीकर, १×१२ म्हणजे बारा इंचांचा एक. क्लास-डी हा हलक्या ॲम्पचा प्रकार.

| पर्याय | सर्वांत जड नग | माणसं | वाहन |
|---|---|---|---|
| ट्यूब हेड आणि ८×१० कॅबिनेट | सुमारे ६४ किलो | ३ | छोटा हत्ती |
| जुनं ४×१०, फेराइट चुंबकाचं | ३५ ते ४५ किलो | २ | इको, टेम्पो |
| हलका २×१० कॉम्बो | १६ ते १७ किलो | १ | रिक्षा, छोटी कार |
| क्लास-डी हेड आणि दोन १×१२ | १२ ते १५ किलो | १ | रिक्षा, छोटी कार |
| प्रीॲम्प किंवा डीआय | १ किलोच्या आत | – | दुचाकी |

मोठं कॅबिनेट: आवाज खरा, पण हिशेब करून बघा

ॲम्पेगचा एसव्हीटी १९६९ मध्ये आला. ३०० वॉट, सहा पॉवर ट्यूब, आणि खाली दहा इंचांचे आठ स्पीकर असलेलं बंद कॅबिनेट. आजच्या एसव्हीटी-सीएल हेडचं वजन ३६ किलोच्या आसपास आहे आणि ८×१० कॅबिनेटचं सुमारे ६४. स्टेजवर त्याचा धक्का छातीत जाणवतो, आणि कॅबिनेट चार फूट उंच असल्याने वरचे स्पीकर कानाच्या बरेच जवळ येतात. ज्यांना हा आवाज हवा आहे त्यांची हौस खोटी नाही.

एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. एवढं मोठं खोकं म्हणजे खालचे सूर जास्त खोल, असं नाही. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची मोकळी तार ४१ हर्ट्झवर वाजते, आणि या कॅबिनेटचा आवाज ५८ हर्ट्झलाच ३ डेसिबलने उतरलेला असतो. वजनाच्या बदल्यात तुम्हाला मिळतो तो जोर, मधल्या पट्टीतला ठसा आणि उंची. खोल सूर मैदानात पोचवण्याचं काम साउंडवाल्याचे सब (खालच्या सुरांचे मोठे स्पीकर) करतात, तुमचा ॲम्प नव्हे.

नेण्याच्या अडचणी तीन. मंडपाचं स्टेज चार-पाच फूट उंच, फळ्यांचं, आणि बहुतेक वेळा त्याला उतार नसतो. चौसष्ट किलो तिथे चढवायचे तर दोघं खालून आणि एक वरून, असेच चढतात. दुसरी अडचण चाकांची. कॅबिनेटची छोटी कडक चाकं सभागृहाच्या फरशीवर पळतात, होम मैदानासारख्या मोकळ्या मातीच्या जागेवर रुततात. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत तर त्या भागात टेम्पो स्टेजजवळ आणायलाच जागा नसते. अशा ठिकाणी हवा भरलेल्या टायरची, १०० किलो पेलणारी हातगाडी लागते, आणि ती टेम्पोत जागा खाते. तिसरी अडचण ट्यूबची. कार्यक्रम संपल्यासंपल्या तापलेलं हेड उचलून टेम्पोत आदळलं की ट्यूबच्या आतली तार हलते. मग कुरकुर, शिट्टी किंवा सरळ बंद. पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या, तोवर केबल गुंडाळा.

हे धूड त्यांनीच घ्यावं ज्यांचा स्वतःचा टेम्पो आहे आणि दोन माणसं कायमची सोबत असतात.

जुन्या ४×१० बद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सेकंडहँडला स्वस्त मिळतं, कारण विकणाऱ्याची कंबर बोलू लागलेली असते. एकाला जड आणि दोघांना अवघड, अशा मापाचं हे खोकं आहे.

वजन येतं कुठून

तीन ठिकाणांहून: लोखंडी ट्रान्सफॉर्मर, स्पीकरचं फेराइट चुंबक आणि लाकूड. क्लास-डी हेडमध्ये स्विचिंग सप्लाय असतो, त्यामुळे मोठा ट्रान्सफॉर्मर जातो. ५०० वॉटचं हेड दोन-तीन किलोत बसतं. निओडिमियम चुंबक तेवढंच काम फेराइटच्या काही अंश वजनात करतं. या दोन गोष्टींमुळेच १६ किलोचा २×१० कॉम्बो शक्य झाला. फेंडरचा रम्बल ५०० हे त्याचं ओळखीचं उदाहरण, साधारण साडेसोळा किलो.

लाकडाचा हिशेब मात्र तुमच्या हातात आहे, कारण आपल्याकडे बरेच जण कॅबिनेट सुताराकडून करून घेतात. ६० × ४५ × ४० सेंटिमीटरचं खोकं धरा. सहाही बाजू मिळून १.३८ चौरस मीटर होतात. १८ मिमी एमडीएफ वापरला तर नुसतं खोकं साडेअठरा किलोच्या घरात जातं. १२ मिमी चांगल्या प्लायमध्ये तेच सुमारे दहा किलो. सुतार एमडीएफ सुचवतो कारण तो सरळ कापला जातो आणि स्वस्त पडतो. पण एमडीएफच्या कोपऱ्यातला स्क्रू दोन-चार वेळा आपटल्यावर भुगा होऊन सुटतो, आणि पावसात कड फुगते. प्लाय घ्या, आत समोरासमोरच्या बाजूंना जोडणाऱ्या दोन आडव्या पट्ट्या ठोका, म्हणजे पातळ बाजू वाजताना थरथरणार नाही. पट्ट्यांचं वजन किलोभरही होत नाही.

कॉम्बो की दोन नग

खरा निर्णय बहुतेकांसाठी इथे आहे. कॉम्बोचा फायदा म्हणजे एकच खोकं, एकच प्लग, विसरायला काही नाही. गिटार पाठीवर, कॉम्बो एका हातात, दुसऱ्या हातात केबलची पिशवी; एका फेरीत सगळं स्टेजवर. रिक्षाच्या मागच्या सीटवर तो सहज मावतो आणि शेजारी तुम्हीही बसता. उणीव अशी की आतलं हेड बिघडलं की स्पीकरही अडकून पडतो. शिवाय हँडल मधोमध नसेल तर खोकं चालताना गुडघ्यावर आपटतं. दुकानात दहा पावलं चालून बघा, लगेच कळतं.

हेड आणि दोन १×१२ कॅबिनेट हा पर्याय महाग पडतो, तरी नियमित वाजवणाऱ्याला आम्ही हाच सुचवू. छोट्या हॉलला एक कॅबिनेट न्या, मैदानाला दोन. दोन एकावर एक ठेवली की वरचा स्पीकर कानाच्या जवळ येतो आणि आवाज कमी ठेवूनही स्वतःला ऐकू येतं. ८ ओहमची (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) दोन कॅबिनेट समांतर जोडली की ४ ओहम होतात आणि हेड पूर्ण ताकद देतं; एकावर ते साधारण ६० टक्क्यांपर्यंतच देतं. ३०० वॉटवरून ५०० वर गेल्याने जेमतेम २ डेसिबल वाढतात. त्याच मॉडेलचं दुसरं कॅबिनेट जोडल्याने ५ ते ६ वाढू शकतात. पैसे थोडे असतील तर ते जास्त वॉटपेक्षा दुसऱ्या कॅबिनेटला द्या. दोन्ही कॅबिनेट एकाच मॉडेलची घ्या. आणि ८ ओहमऐवजी ४ ओहमची दोन घेतलीत तर २ ओहम होतील, जे बहुतेक क्लास-डी हेडना चालत नाही: ते बंद पडतं, कधी कायमचं.

क्लास-डीच्या दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. एक, दुरुस्ती. जुन्या ॲम्पचा आउटपुट ट्रान्झिस्टर गावातला कारागीर बदलून देतो. इथे अख्खं मॉड्यूल बदलावं लागतं आणि ते मागवावं लागतं. दुसरी, सोलापूरची खास: सुताची धूळ. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या आसपास, कारखान्याला लागून सरावाची जागा असेल तर पंख्याच्या जाळीवर कापसाचा थर बसतो. मेच्या ४२-४३ अंशांत, उघड्या मैदानावर हा थर असेल तर हेड तापून मधल्या गाण्यात स्वतःला बंद करतं. महिन्यातून एकदा मऊ ब्रशने जाळी साफ करा, आणि स्टेजवर हेडवर थेट ऊन येऊ देऊ नका.

नुसता डीआय: कुणाला पुरतो

लग्नाचा ऑर्केस्ट्रा, सभागृहातले कार्यक्रम, भक्तिगीतांचे मंच, जिथे साउंडवाला मिक्सर आणि मॉनिटर (वाजवणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर) घेऊन येतोच, तिथे ॲम्प नेण्याची गरज फार कमी वेळा असते. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या बंद सभागृहात तर स्टेजवरचा मोठा बेस गायकाच्या माइकमध्ये शिरतो आणि सगळाच आवाज गढूळ होतो. प्रीॲम्प-डीआय पेडल आणि मिक्सरला जोडायची एक्सएलआर केबल, एवढं गिटारच्या बॅगेत मावतं आणि स्कूटीवर जाता येतं.

अट एकच, मॉनिटर. तुमच्या पायाशी स्वतंत्र मॉनिटर मिळणार की गायकाच्याच मॉनिटरमधून ऐकायचं, हे सुपारी घेताना विचारा. बारा इंची मॉनिटरमध्ये बेस आणि ढोलकी एकत्र टाकली की तो फाटल्यासारखा वाजतो. स्वतःचे इन-इअर (कानात घालायचे मॉनिटर) असतील तर हा प्रश्न मिटतो. जनरेटरवर घरघर आली तर डीआयवरचं ग्राउंड-लिफ्ट बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका, त्याने जीव जातो.

गाडीत ठेवताना

छोट्या हत्तीचे पाटे साडेसातशे किलोच्या भारासाठी असतात. त्यात तुमचे शंभर-दीडशे किलो ठेवले की पाटे दबतच नाहीत आणि प्रत्येक खड्डा थेट सामानात उतरतो. कॅबिनेट केबिनच्या भिंतीला टेकवून उभं ठेवा, मागच्या टोकाला धक्के जास्त बसतात. खाली ५० मिमी फोम किंवा रबरी मॅट हवी. सोलापुरी चादर गुंडाळायला उत्तम आहे, घट्ट विणीची असल्याने घासण्यापासून आणि धुळीपासून वाचवते. पण ती धक्का शोषत नाही, तेव्हा फोमच्या जागी घडी करून टाकू नका. टेरी टॉवेल हेडभोवती गुंडाळू नका, त्याचे धागे पंख्यात जातात. दोर खोक्यावरून घ्या, हँडलमधून नको. हँडलचे स्क्रू उपटतात.

स्पीकरची जाळी दुसऱ्या खोक्याच्या सपाट पाठीकडे करा. ट्रॅव्हल्सच्या डिकीत हे जमत नाही, तिथे कुणाच्यातरी सुटकेसचा कोपरा जाळीतून आत येतो. पुण्याला रेल्वेने जायचं असेल तर स्लीपरला ४० आणि सेकंड क्लासला ३५ किलो मोफत हे वाचून निघू नका, मापाचाही नियम आहे: डब्यात १०० × ६० × २५ सेंटिमीटरपर्यंत, एसी चेअर कारमध्ये ५५ × ४५ × २२.५. बहुतेक कॉम्बो ३५ सेंटिमीटर खोल असतात, म्हणजे नियमाने ते ब्रेकव्हॅनचं सामान झालं. हेड आणि गिटार सोबत घेऊन कॅबिनेट तिकडे भाड्याने घेणं जास्त सोयीचं.

भाड्याने घेताना तीन गोष्टी फोनवरच विचारा: कॅबिनेट किती ओहमचं, जोडणी स्पीकॉनची (फिरवून अडकवायचा स्पीकरचा प्लग) की साधी, आणि शेवटचं कधी वाजवलं. स्पीकॉनची केबल स्वतःची न्या. ऐनवेळी गिटारची केबल स्पीकरला लावली की ती तापते आणि ॲम्पचा आउटपुट शॉर्ट होण्याचा धोका असतो.

महिन्याला एक-दोन सुपाऱ्या, त्याही ऑर्केस्ट्राच्या असतील, तर डीआय घ्या आणि उरलेल्या पैशांत बरे इन-इअर. स्वतःचा बँड आहे, कॉलेजचे आणि हॉटेलांचे कार्यक्रम मिळतात, पण कार नाही, तर कॉम्बो. विजयपूर, लातूर, पुणे अशी ये-जा असेल तर हेड आणि दोन १×१२, आणि सुरुवातीला एकच कॅबिनेट घेतलं तरी चालेल, फक्त ते ८ ओहमचंच घ्या म्हणजे वर्षभराने जोडीचं दुसरं लावता येईल.