सीपी-सॅटमध्ये दशांश व्हेरिएबल: काही महिन्यांच्या वापरानंतर

गूगलच्या ओआर-टूल्स या लायब्ररीतला सीपी-सॅट हा सॉल्व्हर, म्हणजे दिलेल्या अटी पाळणारं उत्तर शोधणारा प्रोग्राम. त्यात पूर्णांक व्हेरिएबल आहे, बुलियन (हो/नाही) आहे, इंटरव्हल (सुरुवात-शेवट असलेला कालावधी) आहे. फ्लोट, म्हणजे दशांश व्हेरिएबल, मात्र नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये शोधत बसू नका, सापडणार नाही.

त्यामुळे आधी सगळ्यात लहान एकक ठरवायचं. ० ते १० लिटर, तीन दशांश स्थळांपर्यंत हवं असेल तर ० ते १०,००० मिलिलिटरचं पूर्णांक व्हेरिएबल करा आणि उत्तर छापतानाच १,००० ने भागा. मॉडेलच्या आत लिटर शिरू द्यायचे नाहीत. व्हेरिएबलच्या नावातच एकक लिहिलं तर पुढे डोकं खाजवावं लागत नाही.

खरी गोची इनपुट वाचताना होते. पायथॉनमध्ये ०.२९ ला १०० ने गुणून 'इंट' लावलं तर २८ मिळतात, कारण गुणाकार २८.९९९… असा येतो. 'राउंड' वापरा. इथे एरर येत नाही, उत्तर गुपचूप चुकतं.

दुसरा सापळा समानतेचा. तीन सारखे वाटे मिळून नेमके १,००० मिलिलिटर मागितले तर ३३३ चे ९९९ होतात आणि ३३४ चे १,००२. सॉल्व्हर 'इन्फीजिबल' (उत्तरच शक्य नाही) म्हणतो, आणि त्याचं बरोबरच आहे! बेरीज ९९९ ते १,००१ मध्ये चालेल असं लिहा.

अशी १,००० ने स्केल केलेली (म्हणजे १,००० पट करून पूर्णांक बनवलेली) दोन व्हेरिएबल गुणली की स्केल थेट १० लाखांवर जाते. भागाकाराची अट घालून खाली आणता येते, पण तो भागाकार शून्याकडे छाटतो. शिवाय सगळं ६४ बिटांत बसावं लागतं. ओव्हरफ्लोची (आकडा त्या मर्यादेबाहेर जाण्याची) नुसती शक्यता दिसली तरी मॉडेल अवैध ठरतं. सहा-सात दशांश स्थळांचा हव्यास म्हणूनच महागात पडतो.

अटीतला १.५ हा सहगुणक चालत नाही, दोन्ही बाजूंना १० ने गुणा. उद्दिष्टात (जे कमीत कमी किंवा जास्तीत जास्त करायचं त्यात) मात्र दशांश सहगुणक चालतात.

सीपी-सॅट सोडून दुसरं काही घ्यायचं तर मिनीझिंक या मॉडेल लिहिण्याच्या भाषेत फ्लोट आहे, पण ०..१० लिहिलंत तर पूर्णांक होतो, ०.०..१०.० लिहा. तिच्यासोबत सॉल्व्हर गेकोड घ्या, चफ्ड या दुसऱ्या सॉल्व्हरला फ्लोट झेपत नाही. चोको या जावातल्या सॉल्व्हरमध्ये रिअल (दशांश) व्हेरिएबलला दोन मर्यादांसोबत अचूकताही द्यावी लागते, आणि अशा अटींसाठी आयबेक्स ही लायब्ररी वापरायची तर ती वेगळी बसवावी लागते.

बहुतेक व्हेरिएबल दशांश आणि अटी रेषीय असतील, तर सरळ हायस्‌सारखा एमआयपी सॉल्व्हर (पूर्णांक आणि दशांश व्हेरिएबल एकत्र हाताळणारा) घ्यावा.