मामांची ‘थ्री इन वन’ एफडी

ज्यांच्या घरी निवृत्तीचा पैसा बँकेत एफडीत पडून आहे, त्या घरातल्या मुलांसाठी, सुनांसाठी, भाच्यांसाठी हे लिहून राहिलो आहे. खुद्द निवृत्त माणसांनी वाचून फार उपयोग होईल असं मला वाटत नाही. बँकेतला पोरगा त्यांना ‘काकाजी’ म्हणतो, खुर्ची देतो, चहा मागवतो. घरी इतकी विचारपूस कोण करतं?

माझे मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, नागपुरात मानेवाड्याला राहतात. वय ६१, साखर आहे, बाकी ठणठणीत. पै-पैचा हिशेब डायरीत लिहिणारा माणूस. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांची एक एफडी मॅच्युअर झाली, ती पुन्हा लावायला ते नेहमीच्या शाखेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी त्यांना आतल्या टेबलाकडे पाठवलं. तिथला पोरगा बँकेचा नव्हताच, विमा कंपनीने शाखेत बसवलेला होता. गळ्यातली पट्टी मात्र बँकेच्या रंगाची.

“काकाजी, एफडीचं व्याज आता खाली येऊन राहिलं. आपल्याकडे थ्री इन वन आहे. एफडीसारखं पक्कं व्याज, वरून मेडिक्लेम, वरून लाइफ कव्हर. एकाच ठिकाणी सगळं होऊन जाते.” मामांनी विचारलं, माझा मेडिक्लेम तर चालू आहे. त्यावर तो म्हणाला, “मग डबल कशाला भरता? तो सोडून द्या.”

या शेवटच्या वाक्याने झालेलं नुकसान बाकी सगळ्यापेक्षा मोठं ठरलं. मामा-मामींचा तो मेडिक्लेम ११ वर्षं सलग चालू होता. जानेवारीत त्याचा हप्ता आला. मामांनी भरला नाही. ३० दिवसांची जास्तीची मुदत असते, तीही गेली.

फॉर्म टॅबवर भरला गेला. ओटीपी मामांनी वाचून दाखवला. मग कंपनीचा फोन येईल, ‘फॉर्मॅलिटी आहे, प्रत्येकाला हो म्हणा’ असं सांगितलं होतं. मामा हो म्हणाले. खात्यातून २ लाख नव्हे, २ लाख ९ हजार गेले. वरचे ९ हजार कसले, तर म्हणे प्रोसेसिंग, पहिल्याच वर्षी लागते. खरं तर तो जीएसटी होता. अशा बचतीच्या विमा पॉलिसीवर पहिल्या वर्षी तेव्हा साडेचार टक्के लागायचा. एफडीत टाकलेल्या मुद्दलावर जीएसटी कधीच लागत नाही, म्हणजे त्या एका आकड्यावरून सगळं कळलं असतं. आता तीही खूण उरली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. ग्राहकाचं भलं झालं, पण फसवणाऱ्याचीही सोय झाली.

जून २०२५ मध्ये मामांच्या पोटात रात्रभर कळा. पित्ताशयात खडे निघाले. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात भरती केलं, दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं. कॅशलेसच्या खिडकीवर मामीने मोठ्या विश्वासाने ती फाइल दिली. तिथल्या मुलीने दोन पानं उलटली आणि म्हणाली, “काकू, हे मेडिक्लेम नाही, लाइफ पॉलिसी आहे. आणि काकांची पण नाही.”

काकांची पण नाही, हे खरं होतं. पॉलिसी मामांच्या मुलाच्या जिवावर काढली होती. मामा फक्त पैसे भरणारे, कागदावरचा शब्द ‘प्रस्तावक’. उतारवयातल्या माणसाचा विमा काढला तर हप्त्यातला मोठा वाटा जोखमीतच जातो, तपासण्या लागतात, साखर निघते, प्रस्ताव अडतो. म्हणून पोराच्या किंवा नातवाच्या नावाने काढून टाकायचा, ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे. मामांना उद्या काही झालं असतं तर मामीच्या हाती त्या पॉलिसीतून विम्याची रक्कम आली नसती. शिवाय ते २ लाख एकदाच भरायचे नव्हते, १० वर्षं दरवर्षी भरायचे होते. फॉर्मवर मामांचं वार्षिक उत्पन्न १२ लाख लिहिलं होतं. पेन्शन त्याच्या निम्मीही नाही.

बिल सव्वा लाखाच्या वर गेलं. दुसरी एक एफडी मोडून भरलं.

तो पोरगा चतुर होता, पण त्याचं काम सोपं करून ठेवलं आहे ते आपणच सगळ्याला ‘पॉलिसी’ म्हणतो त्या सवयीने. कोणी पॉलिसी दाखवली की व्याज किती, बोनस किती हे नंतर विचारा. आधी विचारा, पैसा नेमका काय झाल्यावर मिळणार आणि कोणाच्या हातात पडणार. टर्म विमा असेल तर ज्याच्या नावाने काढला तो मुदतीत गेला तरच नॉमिनीला पैसा. जिवंत राहिला तर काही नाही. म्हणूनच तो स्वस्त असतो. तिशीतल्या, व्यसन नसलेल्या माणसाला एक कोटीचं संरक्षण महिन्याकाठी हजाराच्या आगेमागे मिळून जातं. मामेभावाच्या जिवावर काढलेल्या पॉलिसीत वर्षाला २ लाख भरून विमा होता फक्त २० लाखांचा. ती एंडोमेंट होती: गेलात तरी पैसा, मुदत संपली तरी पैसा, आणि म्हणून दोन्हीकडे थोडाथोडाच. मनी बॅक तिचीच बहीण, मधेमधे पैसे देते एवढंच. युलिपमध्ये पैसा बाजारात लागतो आणि पाच वर्षं हात लावता येत नाही. यातलं एकही हॉस्पिटलचं बिल भरत नाही. ते भरतो आरोग्य विमा, आपल्या बोलीत मेडिक्लेम, आणि तो बिलच भरतो. जगलात-वाचलात म्हणून काही परत देत नाही. त्यामुळेच ‘पैसे वाया जातात’ असं म्हणून तो सोडायला लावणं फार सोपं असतं.

अपघात विमा आणखी वेगळा. मामांच्या पासबुकात दर वर्षी २० रुपये कापलेले दिसतात, ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना: अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख, वय १८ ते ७०. मामांना वाटे की त्यातही आजारपण येतं. ४३६ रुपयांची जीवनज्योती योजना वेगळी, ती कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास २ लाख देते, पण तिच्यात शिरायला वय ५० च्या आत लागतं.

आता तक्रारीचं. बँक म्हणाली, आम्ही फक्त मध्यस्थ. पोराची बदली झाली होती. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने लेखी कळवलं की ओटीपी तुमचा, पडताळणीच्या फोनवर होकार तुमचा, आणि फ्री लूकचे ३० दिवस संपले. पॉलिसी पसंत नसेल तर दस्तऐवज हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. २०२४ पर्यंत बहुतेक पॉलिसींना १५ च दिवस होते.

हातात पडल्यापासून. यावरच प्रकरण फिरलं. पॉलिसी गेली होती ईमेलवर, आणि फॉर्मवरचा ईमेल मामांचा नव्हताच, मामांना ईमेलच नाही. घरी आलेली फाइल नुसती स्वागताची पत्रं आणि पहिल्या पानाची छापील प्रत होती. आम्ही कंपनीकडे तीन गोष्टी लेखी मागितल्या: भरलेल्या प्रस्तावाची प्रत, लाभाचा तक्ता (किती भरायचं आणि किती मिळणार तो कागद), आणि पडताळणी फोनचं रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंगमध्ये हिंदीत धडाधड वाचलेली वाक्यं आहेत आणि मधेमधे मामांचं “हां जी”. ‘दस साल’ हे शब्द त्यात आहेत, नाही असं नाही. पण मेडिक्लेमबद्दल मामांनी विचारलेला प्रश्न पण आहे, आणि त्यावर बाई “सर, वो ब्रांच से पूछ लीजिए” म्हणून पुढे गेल्या आहेत.

हे सगळं विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर टाकलं. तिथे १५५२५५ या नंबरवर फोन करूनही तक्रार नोंदवता येते. समाधान झालं नाही, म्हणून विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे गेलो. आपल्या विदर्भाचं काम पुण्याच्या कार्यालयाकडे आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं ते घेतात. मात्र आधी कंपनीकडे लेखी तक्रार झालेली हवी आणि तिने नकार दिलेला किंवा महिनाभर उत्तर न दिलेलं हवं. त्यानंतर वर्षभराच्या आत जायचं. सिताबर्डीवरच्या एका ‘कन्सल्टंट’ने हेच काम करून द्यायला रकमेच्या वीस टक्के मागितले होते.

लोकपालांची नोटीस गेल्यावर कंपनीचा सूर बदलला. आधी म्हणाले, २ लाखांची एकरकमी पॉलिसी करून देतो. मामा म्हणाले, “एक गळ्यात पडली, आता दुसरी कायले?” मग सुनावणीआधीच रक्कम परत आली. मी मोकळेपणाने सांगतो, ईमेलचा तो घोळ नसता तर इतकं सोपं गेलं नसतं.

मेडिक्लेम मात्र परत आला नाही. जुन्या कंपनीने नवा प्रस्ताव भरायला सांगितलं आणि साखरेचे रिपोर्ट पाहून नाकारला. कंपनीने विमा दिलाच पाहिजे असं काही नाही. दुसऱ्या कंपनीने दिला, जास्त हप्ता लावून, आणि साखर व तिच्यातून होणाऱ्या आजारांना ३ वर्षं थांबायचं म्हणून. पाच वर्षं सलग भरल्यावर कंपनीला ‘तुम्ही माहिती लपवली’ म्हणून दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच येतो; ते पाच वर्षांचं मोजमापही नव्याने सुरू झालं. जुन्यात हे सगळं कधीच पार पडलं होतं. कंपनीच बदलायची होती तर नूतनीकरणाच्या ४५ दिवस आधी पोर्टेबिलिटीचा अर्ज करता आला असता आणि ती ११ वर्षं सोबत गेली असती.

मामी आता दोघांच्या नावाने वेगळी तीन-चार लाखांची एफडी ठेवून आहेत, साखरेची ती ३ वर्षं निघेपर्यंत. ती लावायला त्या दुसऱ्या बँकेत गेल्या तेव्हा तिथल्या टेबलावरूनही एकाने हाक मारली होती, “काकूजी, एक मिनिट.”