पॅलिओ 1.6 जीटीएक्स: पोर्चमध्ये चौदा महिने, रस्त्यावर अकरा

आधी आकडे सांगून टाकतो, कारण भेटणारा प्रत्येक जण तेच विचारतो. गाडी फियाटची पॅलिओ, 2003 ची, घेतली 85 हजारांना. आजपर्यंत तिच्यावर 2 लाख 60 हजार गेले. त्यातले 55 हजार मी स्वतःच्या हाताने पाण्यात घातले. दुरुस्तीतले नव्हेत, ‘सुधारणां’मधले. त्या 55 हजारांबद्दल जरा सविस्तर लिहितो.

गाडीची ओळख आज करून द्यावी लागते. पॅलिओ भारतात आली सप्टेंबर 2001 मध्ये, जाहिरातीत सचिन. कारखाना मुंबईत कुर्ल्याचा, आमच्या वडिलांची पद्मिनी जिथून आली तोच. 1.2 लिटरवाल्या पॅलिओ गल्लोगल्ली दिसायच्या. जीटीएक्स म्हणजे 1.6 लिटर, 16 वॉल्व्ह, 100 बीएचपी. त्या काळात एवढ्याशा हॅचबॅकमध्ये शंभर घोडे म्हणजे वेडेपणाच होता, आणि पेट्रोलचा हिशेब बघता लोकांना तो फारसा परवडला नाही. कॉलेजात असताना एका मित्राच्या भावाच्या जीटीएक्समध्ये मागच्या सीटवर बसून फोंडा घाट उतरलो होतो. हे खूळ तेव्हापासूनचं.

2023 मध्ये मिळाली तेव्हा मालकाला ती विकायची होती ते दुसऱ्या पुनर्नोंदणीच्या कटकटीपायी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवा, फी भरा. ती फी एप्रिल 2022 मध्ये 600 वरून 5,000 झालेली, वर ग्रीन टॅक्स. ते सोपस्कार मी केले, गाडी कशीबशी पास झाली, आणि दुसऱ्या आठवड्यात ती पोर्चमध्ये चार स्टँडवर चढली. (नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. विटांवर तर अजिबात नाही.)

कार्पेट उचललं तर ड्रायव्हरच्या पायाखालची फ्लोअर गंजाने जाळीदार झालेली, आणि आधीच्या कुठल्याशा गॅरेजने तिच्यावर डांबर फासून ठेवलेलं. नवा पत्रा वेल्ड केला, गंज खरवडला, प्रायमर, सीलर. कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब तपासला तर तिसऱ्या सिलिंडरला 130 पीएसआय, बाकी तिघांना 170 च्या वर. हेड उतरवलं, वॉल्व्ह ग्राइंडिंग करून घेतलं, आता चारही जवळपास सारखे. टायमिंग बेल्टच्या (वॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या तालात ठेवणारा पट्टा) बाबतीत मात्र धाडस नको. या इंजिनात बेल्ट तुटला की वॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेडचा खर्च पुन्हा पहिल्यापासून. बेल्ट बदलताना कॅमशाफ्ट (वॉल्व्ह उघडणारा दांडा) जागेवर धरून ठेवायचं खास हत्यार लागतं, व्हाइटनरच्या खुणा मारून भागत नाही. ते हत्यार मी उद्यमनगरात लेथवर बनवून घेतलं.

कोल्हापुरात राहण्याचा हा खरा फायदा. उद्यमनगरात काय हवं ते कातून मिळतं. आणि तोच तोटाही, कारण जे कातून मिळतं ते लगेच हवंसं वाटायला लागतं.

पुढच्या लोअर आर्मचे (चाक गाडीला जोडणारा खालचा दांडा) रबर बुश, म्हणजे सांध्यातली धक्के शोषणारी रबरं, पार फाटलेले होते. नवे शोधायला महिना गेला असता. फियाटने इथे गाड्या विकणं थांबवल्यापासून दुकानदार आधी मान हलवतो, मग ‘फोन करतो’ म्हणतो. मी म्हटलं, कशाला वाट बघायची, पॉलियुरेथेनचे (पीयू) बनवू. टणक असतात, टिकतात, रेसवाले वापरतात. पीयूचा रॉड आणला आणि लेथवाल्या मामांकडे गेलो. त्यांनी रॉडवर नख दाबून बघितलं आणि म्हणाले, “साहेब, हे बुश व्हनार न्हाई. ह्यो दगुड हाय.” मी हसलो. त्यांनीही निमूटपणे कातून दिलं. जोडीला बुटक्या स्प्रिंगा घेतल्या, गाडी दीड इंच खाली बसली, फोटो झकास आले.

पहिल्या महिन्यात बायको एकदाच बसली. रंकाळ्यापासून घरापर्यंत. उतरल्यावर एवढंच म्हणाली, “यापेक्षा वडाप बरं.” (वडाप म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप.) बरोबर होतं तिचं. रस्त्यावरची खडी स्टिअरिंगमधून मनगटात यायची, सायलेन्सर दर स्पीडब्रेकरला खरडायचा, आणि थंडीत सकाळी बुश असे कुरकुरायचे की गल्लीतली कुत्री उठायची. त्याहून वाईट म्हणजे आंबा घाटात गाडी हळू झाली. वळणात खड्डा लागला की पुढचं चाक क्षणभर रस्ता सोडायचं, आणि माझा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठायचा. मूळ पॅलिओचं सस्पेन्शन मऊ आहे, लांब हालतं आणि खड्डे पोटात घालतं, म्हणून आपल्या रस्त्यावर ती गाडी वेगात नेता येते. शंभर घोड्यांपेक्षा मोठा ऐवज तोच होता, आणि तो मीच उपटून फेकला होता.

चौथ्या महिन्यात सगळं परत काढलं. रबरी बुश, कंपनीच्या उंचीच्या स्प्रिंगा, नवे शॉक अब्सॉर्बर. मामांकडे बुश दाबून बसवायला गेलो तेव्हा ते एक अक्षर बोलले नाहीत. नेहमीपेक्षा पन्नास रुपये जास्त घेतले.

उघडा एअर फिल्टरही तसाच गेला. आवाज छान येतो, पण तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो, आणि दसरा चौकातल्या गर्दीत गाडी मरगळायची. मूळ डबा पुढून गार हवा घेतो, तोच बरा. फ्री-फ्लो सायलेन्सर शेजारच्या काकूंच्या दुपारच्या झोपेमुळे उतरला. तसंही जानेवारी 2019 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कंपनीच्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल कायद्यात बसत नाही, हे मला पुढच्या पुनर्नोंदणीआधी आठवलेलं बरं.

बदलांपैकी जे ठेवलं ते फोटोत दिसत नाही. 185/60 आर14 टायर. पुढे चांगले ब्रेक पॅड आणि सगळं नवं डॉट 4 ब्रेक ऑइल. आणि हेडलाइटचा रिले (बॅटरीतून बल्बला थेट करंट देणारा स्विच). जुन्या वायरिंगमध्ये अख्खा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून जातो. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 व्होल्ट आणि बल्बवर जेमतेम 11 मोजले. रिले आणि जाड वायर घातल्यावर 13.4. बल्ब तेच, 55/60 वॅटचे. हजार-बाराशेच्या या कामाने रात्रीचा गगनबावडा जेवढा सोपा झाला तेवढा दुसऱ्या कशाने झाला नाही.

इथेनॉलबद्दल हल्ली सगळेच विचारतात. पंपावर आता बहुतेक ई-20 च (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. गंमत अशी की पॅलिओचा जन्म ब्राझीलचा, 1996 चा, आणि तिकडे पेट्रोलमध्ये वीस-बावीस टक्के इथेनॉल तेव्हाच होतं. पण कुर्ल्याच्या गाडीतले होज (पेट्रोलचे रबरी पाइप) त्या हिशेबाने घातले असतील यावर मी विसंबलो नाही. माझे तर वीस वर्षं जुने होते, इंजेक्टर रेलजवळचा (इंजिनाला पेट्रोल वाटणाऱ्या नळीजवळचा) बोटाने दाबला तर चिरा दिसायच्या. टाकीपासून रेलपर्यंत सगळे इथेनॉल सोसणाऱ्या फ्लुओरोरबर अस्तराचे टाकले. जुन्या गाडीवाल्यांनी बाकी काही केलं नाही तरी एवढं करावं, कारण गळणारा होज गरम इंजिनाच्या डोक्यावर असतो. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवत नाही. ॲव्हरेज शहरात साडेआठ, हायवेला साडेबारा. होज बदलताना ते वाढेल अशी आशा नव्हतीच. आपल्याच जिल्ह्यातला ऊस जाळतोय, तेवढंच समाधान.

अकरा महिन्यांत 9,400 किलोमीटर झाले. रस्त्यात एकदाच अडकलो, मलकापूरच्या अलीकडे. कूलंटच्या प्लॅस्टिक टाकीला तडा गेला, कारण ती बदलायचं मी ‘पुढच्या महिन्यात’ म्हणत आलो होतो. एसी ठीक. स्टिअरिंग हायड्रॉलिक, पार्किंगला जड, पण नव्वदच्या वेगात हातात जे कळतं त्यासाठी पार्किंगचा घाम चालतो. इंजिनाची खरी गंमत चार हजार आरपीएमच्या पुढे. खाली ते आळशी आहे, ज्यांना तिसऱ्या गिअरवर गाव फिरायचंय त्यांनी 1.2 शोधावी.

घ्यायची असेल तर रंग बघू नका, कार्पेट उचलून बघा. बेल्ट कधी बदलला याची पावती मागा, नसेल तर बदललेला नाही असं धरा. घेतल्यावर पहिले सहा महिने काहीही ‘नवं’ बसवू नका, गाडी मुळात कशी चालायची ते आधी कळू द्या.

डाव्या दरवाजाची काच अजून हाताने वर ढकलावी लागते. आणि मागच्या वायपरची मोटर कुठेच सापडत नाही. कुणाच्या माळ्यावर पडलेली असेल तर सांगा, येऊन घेऊन जाईन. पीयूचे चार बुश मोबदल्यात देतो, जवळपास नवे आहेत.