जादा अर्थिंगच्या वायरी की मूळ अर्थिंगची साफसफाई?

गाडीचा पिकअप सुधारतो म्हणून बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडीपर्यंत चार-पाच जाड वायरी टाकायचं किट मिळतं. दुसरा मार्ग साधा: कंपनीच्याच अर्थिंगच्या पट्ट्या सोडवायच्या, गंज घासायचा, बोल्ट पुन्हा घट्ट आवळायचे.

मी दुसऱ्या मार्गाच्या बाजूचा. थ्रॉटलच्या पोझिशन सेन्सरला (इंजिनात हवा सोडणारी झडप किती उघडली ते सांगणाऱ्या) साधारणपणे ईसीयूकडूनच, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरकडूनच, 5 व्होल्ट मिळतात आणि त्याची ग्राउंडची, म्हणजे अर्थिंगची, वायरही ईसीयूकडेच परत जाते. बॉडीवर कितीही तांबं चढवा, धडधाकट गाडीत त्या सिग्नलला फरक पडत नाही. मग किट बसवल्यावर गाडी चपळ का वाटते? काम करताना बॅटरी काढलेली असते. बऱ्याच गाड्यांत ईसीयूने शिकलेली मूल्यं त्यामुळे पुसली जातात आणि थोडे दिवस गाडी वेगळी चालते.

अर्थिंग खरंच खराब असेल तर गोष्ट निराळी. कोकणातल्या खाऱ्या हवेत पट्टीची टोकं गंजतात, स्टार्टर दमतो, दिवे मंदावतात. तिथे किटनेही फरक जाणवेल, पण तो गंजलेल्या जोडाला वळसा घातल्याचा.

पैसे घालण्याआधी मल्टीमीटर लावा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिन ब्लॉकला, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. रीडिंग 0.2 व्होल्टच्या आत असेल तर जादा वायरीला कामच नाही. जास्त आलं तर आधी पट्टी उघडा. तारा तुटलेल्या असतील तर नवी टाका.

मोठा ॲम्प्लिफायर बसवलेल्या गाडीत मात्र एक जादा जाड वायर मीही टाकेन.