घर बांधून द्यावे की घर बांधण्यासाठी पैसे द्यावेत? पुनर्बांधणीच्या मदतीचे दोन मार्ग

भूकंपाने घरे जमीनदोस्त झालेल्या एखाद्या देशासाठी मंडळाने किंवा विश्वस्त संस्थेने निधी जमवला, की तो कोणत्या पद्धतीने खर्च व्हावा हे देणाऱ्यालाच ठरवावे लागते. पहिल्या मार्गात संस्था कंत्राटदार नेमून घर बांधते आणि तयार घराची किल्ली कुटुंबाच्या हाती देते. दुसऱ्या मार्गात कुटुंबाच्या बँक खात्यात हप्त्याहप्त्याने अनुदान जमा होते, कुटुंब स्वतः गवंडी लावून घर उभारते आणि अभियंत्याने पाया, भिंती असा एकेक टप्पा तपासल्यावरच पुढचा हप्ता मिळतो.

हे दोन्ही मार्ग आपल्याकडे एकाच कार्यक्रमात वापरले गेले आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने जे पुनर्वसन झाले, त्यात लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवून तेथे घरे बांधून देण्यात आली. कमी हानी झालेल्या गावांतील सुमारे दोन लाख घरांसाठी मात्र आहे त्याच जागी दुरुस्ती व मजबुतीकरण करायला अनुदान देण्यात आले. नव्या गावांत घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवरून ठरले होते: भूमिहीनांना २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्याला ४५० आणि मोठ्या शेतकऱ्याला ७५०. जुन्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छपराच्या), जाड दगडमातीच्या भिंतींच्या घरांपेक्षा ही घरे निःसंशय सुरक्षित होती. पण सरळ रेषेत आखलेली ही गावे जुन्या गावठाणाच्या कित्येक पट पसरली, जनावरांच्या गोठ्याचा आणि कडब्याच्या गंजीचा पुरेसा विचार झाला नाही, आणि जागा अपुरी पडल्यावर काही कुटुंबांनी भक्कम घराला लागूनच पुन्हा दगडमातीच्या भिंती घातल्या. ज्या बांधकामाने माणसे गाडली गेली, तेच पुन्हा उभे राहावे, ही गोष्ट मला या पुनर्वसनातली सर्वांत क्लेशदायक वाटते.

दुसऱ्या गटातही सारे सुरळीत झाले असे नाही. जुने घर मजबूत करण्यासाठी मिळालेल्या पैशातून पुष्कळांनी शेजारी एक नवी खोली बांधली आणि जुनी भिंत तशीच राहिली. मात्र गावोगावच्या महिला गटांना संवाद सहायक म्हणून नेमल्यावर पैसा कशासाठी आहे आणि बांधकामात काय पाहायचे, हे घरातल्या बायकांपर्यंत पोहोचू लागले. माझ्या मते या मार्गाचा प्राण अशा समजावणीत आहे. ती वगळून केवळ अनुदान वाटले, तर सुरक्षित घर हा योगायोग ठरतो.

नेपाळने २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर हाच दुसरा मार्ग देशभर स्वीकारला. जागतिक बँक, जपान, भारत आदींच्या साहाय्याने प्रत्येक पात्र कुटुंबाला तीन हप्त्यांत तीन लाख नेपाळी रुपये देण्यात आले, आणि गोरखा व नुवाकोट जिल्ह्यांतील ५०,००० घरांसाठी भारताने निधी दिला. उणिवाही स्पष्ट आहेत: पुनर्निर्माण प्राधिकरण स्थापन व्हायलाच डिसेंबर उजाडला, ही रक्कम पूर्ण घराला पुरत नसल्याने अनेकांनी कर्ज काढले, आणि काहींनी अनुदानाच्या निकषापुरती एकच लहानशी खोली बांधली. तरीही घर कोठे आणि कसे असावे, हे ठरवण्याचा अधिकार कुटुंबाकडे राहिला.

याउलट, १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हैतीमध्ये अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेने पहिल्या मार्गाने ५ कोटी ९० लाख डॉलरमध्ये १५,००० घरे उभारण्याचा अंदाज बांधला होता; २०१३ मधील अमेरिकी सरकारी लेखातपासणीनुसार खर्च ९ कोटी ७० लाखांवर गेला आणि घरांची संख्या २,६४९ वर आली. बांधकामाच्या खर्चाचा अंदाज मुळातच कमी धरला गेला होता, आणि जमिनीची मालकी निर्विवाद नसणे हा तेथील फार मोठा अडथळा होता.

ही उदाहरणे पाहता, ज्या कुटुंबांकडे स्वतःची जागा आहे आणि परिसरात गवंडी व साहित्य मिळते, तेथे मी निःशंकपणे दुसरा मार्ग निवडेन; फक्त निधीचा ठरावीक वाटा अभियंत्यांच्या तपासणीसाठी आणि गवंड्यांच्या प्रशिक्षणासाठी आधीच राखून ठेवीन. जुनी जागाच धोकादायक असेल, किंवा वृद्ध आणि एकट्या व्यक्तींना बांधकामावर देखरेख करणे शक्य नसेल, तर बांधून दिलेले घरच योग्य ठरते. पण आराखडा पक्का होण्यापूर्वी तो राहणाऱ्यांसमोर मांडला गेला का, हे संस्थेला विचारावे.

भाडेकरू आणि भूमिहीन मात्र दोन्ही मार्गांतून निसटतात. हैतीची राजधानी पोर्तोप्रँसमध्ये भूकंपापूर्वी असंख्य कुटुंबे भाड्याने राहत होती, म्हणून तेथील छावण्यांतून बाहेर पडणाऱ्यांना वर्षभराच्या भाड्यासाठी रोख मदत द्यावी लागली. नेपाळमध्येही भूमिहीन भूकंपग्रस्तांना जमीन घेण्यासाठी दोन लाख नेपाळी रुपयांचे वेगळे अनुदान द्यावे लागले. तुमच्या संस्थेचा निधी लहान असेल, तर हजारो घरांच्या योजनेत तो मिसळण्यापेक्षा अशा कुटुंबांच्या जमिनीसाठी आणि कागदपत्रांसाठी द्यावा, कारण जमिनीचा कागद नसलेल्या कुटुंबाला घराच्या अनुदानाचा पहिला हप्ताही मिळत नाही.